क्रॅडकसाहेबांचं न दिलेलं मत

आजच्या सभेचे अध्यक्ष, जिल्ह्याचे निवृत्त न्यायाधीश हायरम टटलसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आदरणीय पाद्रीसाहेब. दुपारपासून चुलीपाशी उभं राहून ज्यांनी एवढ्या माणसांचं ऑयस्टरचं सूप रांधलं त्या चर्चच्या भगिनी मंडळाच्या सर्व सदस्या. वकील संघातले माझे जुने-नवे सहकारी. कॉब्ज लँडिंगचे नागरिक बंधू-भगिनी. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या इंडियाना राज्याच्या विधिमंडळाचे माजी सभासद, राज्याचे माजी सीनेटर आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहातले आपले माजी प्रतिनिधी, सन्माननीय एलिहू क्रॅडकसाहेब,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. टटलसाहेब न्यायासनावर असतानासुद्धा मला दहाच मिनिटं द्यायचे आणि मी चाळीस घ्यायचो. आजही त्यांनी घड्याळ काढून पुढ्यात ठेवलेलं मला दिसतंय. असू द्या साहेब. आजचा निकाल फिरवायला वरचं कोर्ट नाही, तेव्हा जरा सबुरीनं घ्या.

नव्या मंडळींसाठी सांगतो, मी अमासा व्हीलॉक. नदीपलीकडच्या जिल्ह्यातला वकील. क्रॅडकसाहेब रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. त्यांच्या निरोपाला बोलायला त्यांच्याच पक्षातलं कुणी मिळालं नाही का, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मिळालं नाही. निमंत्रणं शंभर गेली, आणि मागच्या सहा रांगा रिकाम्या आहेत. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्या रांगा रिकाम्या का आहेत, हे या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सांगतोय.

पण रीत आहे, तेव्हा आधी गौरव.

आम्ही दोघं एकाच वर्षी वकील झालो. त्या काळी न्यायाधीश घोड्यावर बसून एका गावाहून दुसऱ्या गावी कोर्ट भरवत जायचे आणि त्यांच्यामागून आम्ही पोटार्थी वकील. खाणावळीत दोन वकिलांना मिळून एक खाट. एलिहूचे पाय डिसेंबरातल्या लोखंडासारखे गार. चार वर्षं मी ते पाय सहन केले, तेव्हा या माणसाबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं मी समजतो. एकदा सकाळी न्याहारीला तो मला म्हणतो, "अमासा, तुझा अशील खोटं बोलतोय." मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणे, "सकाळपासून तू तीनदा टोपी झटकलीस. केस खरी असली की तू टोपीकडे बघतसुद्धा नाहीस." मी ती केस हरलो. टोपी बदलली, पण सवय गेली नाही.

विधिमंडळात तो पहिल्यांदा गेला तो सर्वांच्या प्रेमामुळे, आणि पहिल्यांदा पडला तो डुकरांमुळे. हसू नका, तुमच्या वडिलांना विचारा. त्या वेळी डुकरं गावभर मोकाट. चर्चमध्ये शिरायची, विहिरीशी लोळायची. एलिहूनं कायदा आणला, की ज्याची डुकरं त्यानं कोंडून ठेवावीत. झालं, सगळा जिल्हा उलटला. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी, म्हणजे आम्हीच, एका डुकरिणीच्या गळ्यात एलिहूसारखा काळा टाय बांधला आणि तिला थेट त्याच्या सभेत सोडलं. लोक हसून लोटपोट. एलिहू गाडीवरून खाली उतरला, तिच्यापाशी वाकला आणि विचारलं, "ही डंकनची ना? कान फाटलेली?" कुणी म्हटलं, हो. "मग हिचं मत मलाच आहे. गेल्या वर्षी हिची तीन पिल्लं रस्त्यात गाडीखाली गेली." सभा जिंकली त्यानं. निवडणूक चाळीस मतांनी हरला. दोन वर्षांत घरोघरी डुकरांचे कोंडवाडे झाले, लोक कायदाही विसरले आणि रागही, आणि त्याला राज्याच्या सीनेटवर पाठवलं.

वक्ता म्हणून तो अगदीच बेताचा. भाषणाच्या ऐन भरात थांबून समोरच्या माणसाला त्याच्या खेचराचा पाय कसा आहे ते विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचा नाही. सीनेटमध्ये त्यानं दोन कामं केली. बाईनं शिवणकाम करून मिळवलेली मजुरी तिचीच, नवऱ्याची नव्हे, हा कायदा. आणि राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळाला नवी इमारत. तोवर त्या लोकांना गावोगावच्या तळघरांतून ठेवत असत. त्या इमारतीसाठी तो दोन अधिवेशनं भांडला. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "अरे, वेड्यांना मतं नसतात." तो म्हणाला, "म्हणूनच."

मग वॉशिंग्टन. तो या काठाचा प्रतिनिधी, मी पलीकडचा. दोघांची खोली एकाच खाणावळीत. दिवसभर सभागृहात एकमेकांची सालटी काढायची आणि एकाच टेबलावर जेवायचं. खाटा मात्र आता वेगवेगळ्या होत्या.

इथपर्यंत गौरव झाला. टटलसाहेब, घड्याळाकडे बघू नका.

सोळा वर्षांमागे फेब्रुवारीत सभागृहापुढे नदीच्या बांधाचं विधेयक होतं. एलिहूचं विधेयक. कॉब्ज लँडिंगच्या खालच्या वस्तीला मातीचा, दगडाचा पक्का बांध. माझ्या काठच्या लोकांना तो नको होता. या काठी बांध झाला की पुराचं सगळं पाणी आमच्या शेतांत येणार, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. तेव्हा मी विरोधात. विधेयक मार्चच्या सुमाराला येईल असं सगळे धरून चालले होते.

आता एक रीत समजावून सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. एखाद्या सभासदाला घरच्या अडचणीनं जावं लागलं, तर तो विरुद्ध पक्षातल्या एकाशी जोडी लावतो. म्हणजे मी नसेन तोवर तूही मत द्यायचं नाहीस. दोन्ही बाजूंचं एकेक मत कमी होतं, कुणाचं नुकसान नाही. कागद नाही, सही नाही. शब्द. आणि जो गेला तो परत येईपर्यंत, किंवा तोच "तू मोकळा" म्हणेपर्यंत, तो शब्द सुटत नाही. आम्ही राजकारणी माणसं पुष्कळ शब्द मोडतो. हा एक मोडत नाही.

त्या फेब्रुवारीत मी एलिहूशी जोडी लावून घरी आलो. मी गेल्यावर, विधेयकाच्या बाजूचे आणखी काही सभासद गावी गेलेले पाहून, आमच्या पक्षानं संधी साधली आणि बांधाचं विधेयक तीन आठवडे आधी मतदानाला आणलं. कारकुनानं नाव पुकारलं तेव्हा एलिहू उठला आणि म्हणाला, "माझी मि. व्हीलॉक यांच्याशी जोडी आहे. ते असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मी मोकळा असतो तर बाजूनं दिलं असतं." आणि बसला. मतं सारखी पडली. सारखी पडली की विधेयक पडतं.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात नदी खालच्या वस्तीत शिरली. नऊ माणसं गेली. त्यांची नावं मी इथे वाचणार नाही. ती चर्चच्या आवारात दगडावर आहेत आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात आहेत. गार्वरबाई, आपण मागे दाराशी बसला आहात. केकची पाटी आणायची आज आपली पाळी होती म्हणून आपण आलात, भाषण ऐकायला नव्हे, हे मला माहीत आहे. आपले यजमान एबेन आणि सहा वर्षांची मुलगी नॅन त्या नऊजणांत होते. आपल्याला छपरावरून होडीत ज्यानं उतरवलं त्याचं नाव एलिहू क्रॅडक, आणि त्यानंतर पंधरा वर्षांत आपण त्याला रस्त्यात कधी ओळख दिलेली नाही. मी आपल्याला दोष देत नाही. आपल्या जागी मी असतो तर दगड मारला असता.

पूर ओसरल्यावर याच हॉलमध्ये सभा झाली. तेव्हा मागच्या रांगा भरलेल्या होत्या, खिडक्यांतही माणसं होती. जोडी म्हणजे काय हे लोकांना माहीत होतं. त्यांचा प्रश्न एकच होता. गिरणीवाला जोसाया बंट्स उठला, आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय तोच, आणि म्हणाला, "साहेब, व्हीलॉक त्या दिवशी कुठे होता, एवढंच सांगा. आजारी होता? घरात कुणी गेलं होतं? कारण मी त्याला पलीकडच्या स्टेशनवर धडधाकट उतरताना पाहिलंय." एलिहू म्हणाला, "ते सांगणं माझ्या हातात नाही." "मग कुणाच्या हातात?" "ज्याची गोष्ट आहे त्याच्या." तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मग ती रेल्वेवाल्यांची गोष्ट असणार." सगळे हसले. पुरात धक्का वाहून जावा आणि होड्यांची वाहतूक बुडावी म्हणून रेल्वेला बांध नको, असं तेव्हा बोललं जायचं. झालं, दोघांनी मिळून गाव विकलं, हे त्या हसण्यात ठरून गेलं. त्या शरद ऋतूत तो निवडणूक हरला, तो हजार मतांनी. मी माझी जिंकलो.

ही हकीकत मी पलीकडच्या काठावर, सकाळच्या वर्तमानपत्रात वाचली. वाचली आणि अंडं संपवलं.

काय म्हणालास, एलिहू? नाही, खाली बसणार नाही. तू मला आयुष्यभर खाली बसवत आलास. आज टटलसाहेब अध्यक्ष आहेत, तू नाहीस.

ऐका. त्या दिवशी मी राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात होतो. माझी बायको लुक्रेशिया. आमचं शेवटचं मूल गेल्यापासून ती हळूहळू आमच्यातून जात होती, आणि त्या जानेवारीत तिनं घराला आग लावली. मेव्हण्याचं पत्र आलं. मी खाणावळीत एलिहूच्या खोलीत गेलो, पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "जा. जोडी लागली." मी म्हटलं, "हे कुणाला कळता कामा नये." तो म्हणाला, "काय कळता कामा नये? मी काही वाचलंच नाही." ज्या इमारतीत तिला ठेवलं, ती त्यानंच भांडून बांधून घेतलेली.

लोकांना मी सांगितलं, बायको छातीच्या विकारासाठी ओहायोला बहिणीकडे असते. सोळा वर्षं सांगितलं. गेल्या मार्चमध्ये लुक्रेशिया गेली. आता कुजबुजीचा तिला त्रास नाही. म्हणून आज सांगतोय.

तुम्ही ज्याला विकला गेलेला माणूस म्हणालात, तो एका मित्राच्या बायकोची लाज राखत बसला होता. पंधरा वर्षं धान्याच्या दुकानाच्या माडीवर बसून त्यानं तुमच्या गावातल्या सैनिकांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज लिहिले, आणि चार जुलैच्या सभेला तो मागे उभा राहायचा, कारण पुढे कुणी बोलवायचं नाही. चार वर्षांमागे त्याची बायको ऑर्फा वारली. शवपेटीला सहा खांदेकरी लागतात. या गावात पाच मिळाले. सहावा नदीपलीकडून आला, तो मी. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी पेटी उचलली, ठेवली, आणि घरी गेलो.

नको, टाळ्या नकोत. बसा, कृपा करून बसा. जोसाया, तू का उभा आहेस? "हे आम्हाला तेव्हाच का सांगितलं नाही?" बरोबर आहे तुझं. हा प्रश्न मला विचार, त्याला नको. आणि गार्वरबाई, आपण दाराशी होतात, आता एलिहूच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलात. मला बरं वाटलं. मनापासून वाटलं. मी इथेच थांबलो असतो तर तुम्ही सगळे म्हणाला असता, व्हीलॉक उशिरा का होईना खरं बोलला. माझी दहा मिनिटंही केव्हाच संपली आहेत.

पण अजून एक गोष्ट आहे, आणि ती एलिहूलाही माहीत नाही. किंवा असेल, मी कधी विचारलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी एलिहूनं मला इस्पितळाच्या पत्त्यावर तार केली. मी परतलो तेव्हा वॉशिंग्टनच्या स्टेशनवर तो मला घ्यायला आला होता. विधेयक पडलेलं, पण चेहऱ्यावर राग नाही. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माझी तार तुला मिळाली नसेल. वादळात तारा तुटल्या असतील." मी म्हटलं, "हो, नसेल मिळाली." एवढंच. त्यानं माझी पेटी उचलली आणि आम्ही खाणावळीत गेलो. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

तार मिळाली होती. बुधवारी दुपारी. ही बघा. घडी पडून पडून मधोमध फाटलीय, पण वाचता येते. "विधेयक उद्या. मतं सारखी. शब्दातून मोकळं कर. ताबडतोब उत्तर दे. लुक्रेशिया कशी आहे. एलिहू."

तारेत शब्दाशब्दाला पैसे पडतात. तरी त्यानं ते शेवटचं विचारलं.

तारघर इस्पितळाच्या फाटकासमोर होतं. रस्ता ओलांडायचा, की झालं. "तू मोकळा," दोन शब्द. मी दोनदा त्या दारावरून गेलो. माझ्या काठच्या लोकांची शेतं वाचवायची होती म्हणून आत गेलो नाही, असं सांगता आलं असतं, तर मी सोळा वर्षं उजळ माथ्यानं फिरलो असतो. शेतं मला आठवलीसुद्धा नाहीत. माझ्या मनात आलं ते असं, की हे विधेयक झालं तर एलिहू वॉशिंग्टनच्या सीनेटवर जाईल. त्याची बायको घरी केक भाजत असेल. आणि मी इथे या फाटकापाशी उभा आहे. एकदा तरी त्याच्या मनासारखं होऊ नये. बस्, एवढंच होतं. नऊ माणसं मरतील हे मला माहीत नव्हतं. पण मेली.

शब्द त्यानं पाळला. त्याचं मत मी माझ्या खिशात ठेवलं. गावाला आजवर वाटत आलं, की क्रॅडकनं मत दिलं नाही. ते बरोबर नाही. त्यानं ते मागितलं होतं, आणि मी दिलं नाही.

आता आभार. भगिनी मंडळाचे, या हॉलचे, टटलसाहेबांचे, ज्यांनी अखेर घड्याळ खिशात घातलं. उद्या सकाळच्या गाडीनं क्रॅडकसाहेब मुलीकडे कॅन्ससला निघतील. आपण त्यांना चांदीच्या मुठीची काठी दिलीत. जमलं तर उद्या स्टेशनवर या, ते त्यांना काठीपेक्षा आवडेल. माझ्या बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. हे बोलण्याबद्दल झालं. जे बोललो नाही त्याची क्षमा मी मागत नाही. गार्वरबाई, आपण माझ्याकडे बघत नाही आहात, आणि बघावंच असा माझा आग्रह नाही.

काय, एलिहू? जरा मोठ्यानं. सभेला ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. तो म्हणतोय, "तारेचं अर्धं उत्तर अजून राहिलंय. लुक्रेशिया कशी होती?"

बरी नव्हती रे. त्या गुरुवारी सकाळी, तू तिकडे उठून उभा राहिला असशील त्याच सुमाराला, मी तिच्यापाशी बसलो होतो. तिनं मला डॉक्टर समजून विचारलं, "माझे यजमान कुठे आहेत?" मी म्हटलं, "वॉशिंग्टनला आहेत, बाई. आज मोठं मतदान आहे, त्यांना तिथे असावंच लागतं." ती म्हणाली, "मग बरोबर आहे. ते कधी चुकवायचे नाहीत."

मी आपला सर्वांचा आभारी आहे.